अर्ध्या कोर्टाचे धनी

टेनिसमध्ये दुहेरीचा खेळाडू व्हावे अशी महत्त्वाकांक्षा मनी धरून कोणी रॅकेट हाती घेतल्याचे ऐकिवात नाही. नवव्या-दहाव्या वर्षी कोर्टावर उतरणाऱ्या मुलाच्या, आणि त्याहूनही अधिक त्याच्या वडिलांच्या, डोळ्यांपुढे जे चित्र तरळत असते, त्यात विम्बल्डनच्या हिरवळीवर एकटाच झुंजणारा आणि करंडकही एकट्यानेच उंचावणारा वीर असतो. त्या करंडकाचा दुसरा कान धरून उभा असलेला भागीदार त्या चित्रात नसतो. दुहेरीकडे मनुष्य वळतो तो बहुधा पंचविशी ओलांडल्यावर, जमाखर्चाची वही समोर घेऊन बसल्यावर, आणि पुष्कळदा मन मारून. कूर्गच्या कॉफीच्या मुलखातून आलेला रोहन बोपण्णा हा या वाटेचा अगदी नमुनेदार प्रवासी. २००३ साली तो व्यावसायिक खेळाडू झाला; एकेरीच्या जागतिक क्रमवारीत त्याने गाठलेले सर्वोच्च स्थान २१३ वे, आणि तेही २००७ साली, वयाचे अठ्ठाविसावे वर्ष चालू असताना. त्याच मनुष्याचे नाव पुढे जानेवारी २०२४ मध्ये, चव्वेचाळिशी अवघ्या महिन्याभरावर आली असता, दुहेरीच्या क्रमवारीत पहिल्या जागी चढले. या दोन आकड्यांमधील प्रवास ही चिकाटीची कथा आहे असे सांगण्याचा प्रघात पडला आहे, आणि ते खोटे नाही. परंतु मला तीत एका स्वतंत्र पेशाचे कायदेकानू अधिक दिसतात, आणि ते ठाऊक नसले म्हणजे दुहेरी ही एकेरीत न टिकलेल्यांची केवळ सोय वाटू लागते.

जगात आपल्याहून सरस असे केवळ दोनशे बारा लोक असावेत, ही कोणत्याही विद्येत मिरविण्याजोगी गोष्ट आहे. वकिलीत किंवा वैद्यकीत असा मनुष्य बंगला-मोटार बाळगून असता आणि त्याच्या दारात अशिलांची वा रोग्यांची रीघ लागली असती. टेनिसमध्ये मात्र त्या माणसाला परवडत नाही. ग्रँडस्लॅम स्पर्धेत एकेरीच्या मुख्य फेरीत १२८ खेळाडू असतात, त्यांपैकी क्रमवारीच्या बळावर थेट प्रवेश मिळतो तो सुमारे शंभरांना. उरलेल्यांनी पात्रता फेरीच्या तीन लढती जिंकाव्यात तेव्हा कोठे दार उघडते. वर्षाचे बाकीचे आठवडे चॅलेंजर नामक दुय्यम स्पर्धांत, आडगावच्या कोर्टांवर, मोजक्या प्रेक्षकांपुढे जातात, आणि विमानाचे भाडे, हॉटेलाचे बिल, प्रशिक्षकाचा पगार, रॅकेटच्या ताती बदलण्याचा खर्च हे सारे ज्याचे त्याने सोसावयाचे असते. अशा अवस्थेत सहा फूट चार इंच उंचीचा, भारी सर्व्हिसचा, जाळ्याजवळ न बिचकणारा खेळाडू दुहेरीकडे पाहू लागला तर त्यात नवल नाही. सानिया मिर्झाचे उदाहरण थोडे निराळे: ती एकेरीत जगात २७ व्या क्रमांकापर्यंत पोहोचलेली होती, आणि तिला एकेरी सोडावी लागली ती शरीराने साथ सोडल्यामुळे, पुढे २०१५ साली ती दुहेरीत अग्रस्थानी बसली, आणि त्याच वर्षी मार्टिना हिंगिससह विम्बल्डन आणि अमेरिकन स्पर्धाही तिने जिंकल्या. वाटा दोन, मुक्काम एकच.

आता प्रत्यक्ष खेळाकडे वळू. दुहेरीचे कोर्ट लांबीने एकेरीइतकेच, म्हणजे ७८ फुटांचे. रुंदी तेवढी २७ फुटांवरून ३६ फुटांवर जाते, कारण दोन्ही कडांचे साडेचार-साडेचार फुटांचे पट्टे खेळात जमा होतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अठरा फुटांची रुंदी आली, आणि धाव कमी झाली. पण धाव कमी झाली म्हणून काम सोपे झाले असे समजणाऱ्याने एकच गुण नीट न्याहाळून पाहावा. सर्व्हिस करणारा मागच्या रेषेवर उभा आहे. त्याचा जोडीदार जाळ्याजवळ वाकून, एक हात पाठीमागे नेऊन, बोटांनी खुणा करीत आहे. त्या खुणांत दोन हुकूम असतात: सर्व्हिस मधल्या रेषेवर टाकायची, अंगावर की बाहेरच्या अंगाला, आणि ती पडताक्षणी आपण जागा सोडून आडवे धावायचे की तेथेच ठाण मांडायचे. पलीकडे परतवणाऱ्यापुढे निवड करायला अर्धा क्षणही नसतो. चेंडू जाळ्यावरून बोटभर उंचीनेच गेला पाहिजे, कारण जरा वर उठला की जाळ्याजवळचा गडी तो खाली ठेचणार. तो तिरकस गेला पाहिजे, म्हणजे त्या गड्याच्या हातापासून दूर राहील. आणि सर्व्हिस करून पुढे धावणाऱ्याच्या पायांशी पडला पाहिजे, म्हणजे त्याला तो खालून उचलावा लागेल. जाळे मध्यभागी तीन फूट आणि खांबांशी साडेतीन फूट उंच असते, तेव्हा शहाणा मनुष्य मधूनच मारू पाहतो. पण जाळ्याजवळचा गडी आडवा धावतो तोही नेमका मध्यावरच. त्याने पाऊल उचलण्याची किंचित घाई केली तर त्याची मोकळी पडलेली बाजू सरळ फटक्याने गाठता येते. किंचित उशीर केला तर चेंडू त्याला ओलांडून निघून जातो. कित्येकदा तो मधल्या रेषेवरच बैठक मारतो, सर्व्हिसचा चेंडू त्याच्या मस्तकावरून जातो, आणि तो डावीकडे उसळणार की उजवीकडे हे परतवणाऱ्याला अखेरपर्यंत कळत नाही. हा सारा व्यवहार तीन किंवा चार फटक्यांत आटोपतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की कोणी तरी सहज एक व्हॉली मारली.

मागच्या रेषेवरून फिरकी देऊन उंच, खोल फटके मारीत प्रतिस्पर्ध्याला दमवण्याच्या विद्येवर एकेरीचा आधुनिक दिग्गज उभा असतो, आणि तीच विद्या येथे त्याच्यावर उलटते. कारण तो उंच चेंडू जाळ्याजवळच्या माणसाला आयते आमंत्रण असते. एकेरीचे मोठे खेळाडू दुहेरीत उतरून जिंकत नाहीत असे मी म्हणत नाही. जॉन मॅकेन्रो एके काळी दोन्हीकडे अव्वल होता, आणि आजही नुसत्या परतीच्या फटक्याच्या जोरावर एखादा एकेरीचा गडी अनुभवी जोडीला घाम फोडतो. पण एक आठवडा जिंकणे आणि पंधरा वर्षे पोट भरणे यांत अंतर आहे.

२००६ पासून एटीपीच्या नियमित स्पर्धांत दुहेरीची गुणपद्धती बदलण्यात आली, आणि या बदलाचा परिणाम खेळाडूंच्या नशिबावर फार झाला. चाळीस-चाळीस झाल्यावर दोन गुणांची आघाडी घेण्याची वहिवाट रद्द झाली. एकच गुण खेळावयाचा, आणि तो कोर्टाच्या कोणत्या बाजूला परतवायचा हे परतवणाऱ्या जोडीने ठरवायचे. सेट एक-एक असे बरोबरीत आले तर तिसरा सेट खेळवायचाच नाही. त्याऐवजी दहा गुणांचा टायब्रेकर. सामना किती वेळ चालेल याचा अंदाज आयोजकांना बांधता यावा आणि एकेरीच्या बड्या खेळाडूंनाही दुहेरीत उतरण्याचा मोह व्हावा, हा त्यामागचा हेतू. हेतू काही अंशी सफल झाला असेल. पण दीड तास केलेली मेहनत दहा गुणांच्या सट्ट्यावर लावणे ही त्या पेशातील लोकांच्या रोजच्या सवयीची गोष्ट झाली, आणि मनाचा तोल हीच त्यांची मुख्य मालमत्ता ठरली. २०२२ साली पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र ओपन स्पर्धेची अंतिम लढत पाहिलेल्यांना याचा अनुभव असेल: बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन यांनी पहिला सेट गमावला, दुसरा जिंकला, आणि १०–६ अशा टायब्रेकरने विजेतेपद मिळवले. पुणे त्याला परके नव्हते. उमेदीच्या काळात तो पुण्यात नंदन बाळ यांच्याकडे शिकत होता, आणि याच स्पर्धेत २०१९ साली दिविज शरणच्या जोडीने त्याने एकवार विजय मिळवलेला होता.

तीन वर्षांत एकाच गावी दोन विजेतेपदे, आणि जोडीदार दोन! या पेशाचे मर्म येथे आहे. दुहेरीची जोडी म्हणजे भागीदारीतील पेढी. भांडवल दोघांचे, नफा-नुकसान निम्मे-निम्मे, करार तोंडी, आणि हंगाम बुडाला की हिशेब मिटवून दोघे आपापल्या वाटेने मोकळे. क्रमवारीचे गुण जोडीच्या नावावर नव्हे, प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यावर जमा होतात, आणि बावन्न आठवडे उलटले की खर्ची पडतात; त्यामुळे फारकत झाली तरी प्रत्येक जण आपले गुण बरोबर घेऊन जातो आणि नव्या जोडीदारापुढे तेच तारण म्हणून ठेवतो. स्पर्धेत प्रवेश मिळतो तो दोघांच्या क्रमांकांची बेरीज करून. म्हणजे माझा क्रमांक तिसावा आणि तुझा साठावा असेल, तर आपण नव्वद. पण मला विसावा कोणी मिळाला तर पन्नास, आणि मग मोठ्या स्पर्धेचे दार सताड उघडे. हंगामाच्या अखेरीस, विशेषतः अमेरिकन स्पर्धा आटोपल्यावर, खेळाडूंच्या विश्रामकक्षांत आणि भ्रमणध्वनीवर जी खलबते चालतात, ती पाहता एखाद्या संस्थानातील सोयरीक जुळवण्याच्या वाटाघाटीही सरळ म्हणाव्यात. ब्रायन बंधू या नियमाला मोठा अपवाद, कारण ते जुळे, एक डावखुरा व एक उजवा, आणि दोघांनी मिळून सोळा ग्रँडस्लॅम जिंकली. तथापि २०१८ साली बॉबचा खुबा दुखावला तेव्हा माइकने जॅक सॉकला बरोबर घेऊन विम्बल्डन आणि अमेरिकन अशा दोन्ही स्पर्धा मारल्या. रक्ताच्या नात्यानेही पेढी बंद ठेवली नाही.

बोपण्णाच्या जोडीदारांची यादी केली तर ती एखाद्या गावच्या पटावरील नावांसारखी लांबेल, आणि त्यांतील प्रत्येक नावामागे एक आशा आहे. पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबर तो २०१० साली अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. संयुक्त राष्ट्रसंघातील भारताचे आणि पाकिस्तानचे राजदूत प्रेक्षागृहात शेजारी-शेजारी बसून तो सामना पाहत होते, आणि ब्रायन बंधूंनी दोन्ही सेट टायब्रेकरवर जिंकले. महेश भूपतीबरोबर २०१२ साली, आणि रुमानियाच्या फ्लोरिन मर्जियाबरोबर २०१५ साली, हंगामाअखेरच्या आठ श्रेष्ठ जोड्यांच्या स्पर्धेत तो अंतिम सामना हरला. त्याचे पहिले ग्रँडस्लॅम विजेतेपद आले ते मिश्र दुहेरीत, २०१७ साली फ्रेंच स्पर्धेत, कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोवस्कीसह, आणि तेही पराभवापासून एका गुणाच्या अंतरावरून परत फिरून.

हा झाला स्वखुशीचा भाग. पण ऑलिंपिक आणि आशियाई स्पर्धा जवळ आल्या की जोडीदार निवडण्याचा अधिकार खेळाडूच्या हातून जातो, कारण तेथे दोघांचे पारपत्र एकाच देशाचे हवे आणि शेवटचा शब्द संघटनेचा. २०१२ साली लंडन ऑलिंपिकच्या आधी भूपती आणि बोपण्णा यांनी लिअँडर पेससह खेळण्यास नकार दिला, संघटनेने अखेर दोन जोड्या पाठवण्याची तजवीज केली, आणि दोन्ही दुसऱ्याच फेरीत बाहेर पडल्या. २०१६ साली रिओसाठी बोपण्णाच्या मनात साकेत मायनेनी होता, संघटनेने पेसला दिले, आणि पहिल्याच फेरीत मामला आटोपला. सानियासह मिश्र दुहेरीत तो चौथा आला आणि कांस्यपदक हुकले. २०२४ साली पॅरिसमध्ये तर नियतीने थट्टाच केली. एन. श्रीराम बालाजीसह बोपण्णा पहिल्या फेरीत हरला आणि देशाकडून खेळणे त्याने तेथेच थांबवले. त्याच स्पर्धेत त्याचा वर्षभराचा ऑस्ट्रेलियन जोडीदार मॅथ्यू एबडन आपल्या देशाच्या जॉन पीअर्सबरोबर सुवर्णपदक जिंकून गेला. उलट बाजूही सांगितली पाहिजे. आशियाई स्पर्धेत २०१८ साली पालेमबांगला दिविज शरणसह, आणि २०२३ साली हांगझोऊला आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेसह, बोपण्णाने सुवर्णपदके मिळवली. ऋतुजासह खेळलेल्या अंतिम सामन्यात पहिला सेट २–६ असा गेला होता. नंतरचा ६–३ आणि टायब्रेकर १०–४.

एबडनची भागीदारी जमली तेव्हा बोपण्णाच्या गुडघ्यांतील कूर्चा झिजून संपल्या होत्या. २०२१ च्या आरंभी महिनोन्‌महिने त्याला एकही सामना जिंकता येईना, वेदनाशामक गोळ्या रोजच्या झाल्या, आणि खेळ सोडून घरी जावे असा विचार त्याने केला. त्यातून त्याला सावरले ते अय्यंगार योगाने, ज्याचे मूळ पीठ बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात उभारले. मांड्यांचे आणि नितंबांचे स्नायू बळकट झाले, आणि गुडघ्यांवरील भार हलका झाला असे तो सांगतो. एकेरीत अशा गुडघ्यांवर कोणी दोन सामनेही खेळू शकला नसता. येथे अठरा फुटांची रुंदी, छोटे सामने आणि चार फटक्यांत संपणारे गुण कामी आले, आणि वीस वर्षांत साठलेले शहाणपण, म्हणजे चेंडू कोठे येणार हे तो मारला जाण्याआधी ओळखण्याची नजर, पायांच्या ऐवजी धावू लागली. २०२३ च्या मार्चमध्ये इंडियन वेल्स जिंकून त्रेचाळिसाव्या वर्षी तो त्या दर्जाच्या स्पर्धेचा सर्वांत वयस्क विजेता झाला. त्याच वर्षी, पहिल्या अंतिम सामन्यानंतर तेरा वर्षांनी, तो पुन्हा अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत उतरला. त्या सामन्यात, निर्णायक सेटमध्ये, त्याच्या जोडीने गुण जिंकला असता चेंडू आपल्या हाताला चाटून गेल्याची कबुली त्याने आपण होऊन पंचांना दिली. पंचांना ते दिसले नव्हते. गुण गेला, आणि अखेरीस राजीव राम व जो सॅलिसबरी यांनी सामनाही नेला.

मेलबर्नमध्ये जानेवारी २०२४ मध्ये उपांत्य फेरी गाठताच पहिले स्थान निश्चित झाले, आणि नंतर अंतिम सामन्यात सिमोन बोलेली व आंद्रेआ वावासोरी या इटालियन जोडीला ७–६, ७–५ असे हरवून पुरुष दुहेरीचे पहिले ग्रँडस्लॅम त्याच्या हाती आले. पहिल्या सेटच्या टायब्रेकरमध्ये प्रतिपक्षाला एकही गुण मिळाला नाही. १९६८ पासूनच्या खुल्या युगात इतक्या वयाच्या कोणा पुरुषाने दुहेरीत ग्रँडस्लॅम जिंकले नव्हते.

या विजयाचे मोलही सांगून टाकू. त्या वर्षी एकेरीचा विजेता यानिक सिन्नर याला साडेएकतीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. दुहेरीच्या विजेत्या जोडीला सात लाख तीस हजार, म्हणजे माणशी तीन लाख पासष्ट हजार. गर्दी खेचतो तो एकेरीचा खेळाडू, दूरचित्रवाणीवर दिसतो तोही तोच, तेव्हा पैसाही त्यालाच, असा आयोजकांचा युक्तिवाद असतो, आणि व्यापाराच्या दृष्टीने तो खोडून काढणे कठीण आहे. मात्र दुहेरीचे सामने आडबाजूच्या कोर्टांवर, आड वेळेला लावायचे, कॅमेरे तिकडे न्यायचे नाहीत, आणि मग प्रेक्षक येत नाहीत म्हणून पुन्हा दुहेरीलाच बोल लावायचा, हा न्याय मला अजब वाटतो. एकाच प्रशिक्षकाचा पगार दोघांत वाटून घेणे ही म्हणूनच या पेशातील रीत आहे.

२०२५ साली अमेरिकन स्पर्धेच्या चालकांनी हा तिढा आपल्या परीने सोडवायचे ठरवले. मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात घेतली, जोड्या सोळाच ठेवल्या, त्या मुख्यत्वे एकेरीच्या नामवंतांमधून उचलल्या, अंतिम सामन्याखेरीज सेट चार-चार गेमचे केले, आणि बक्षीस ठेवले दहा लाख डॉलर. दुहेरीवरच पोट असलेल्यांना जवळजवळ बाहेरच ठेवण्यात आले. गतवर्षीचे विजेते म्हणून सारा एरानी आणि वावासोरी एवढ्यांना काय ते बोलावणे आले. भरगच्च प्रेक्षागृहापुढे त्या दोघांनी एकेरीतल्या नामांकितांना एकामागून एक पाणी पाजले आणि अंतिम फेरीत इगा श्वियांतेक व कॅस्पर रूड यांना १०–६ अशा टायब्रेकरने हरवले. ही रक्कम आपण सर्व दुहेरीच्या खेळाडूंच्या वतीने जिंकली आहे, अशा आशयाचे ते बोलले.

बोपण्णाचा अखेरचा सामना त्यानंतर दोन महिन्यांनी पॅरिसमध्ये झाला, आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली. शेवटचा जोडीदार होता कझाकस्तानचा अलेक्झांडर बुब्लिक, मुख्यतः एकेरीचाच खेळाडू, आणि पालेमबांगच्या अंतिम सामन्यात बोपण्णाने ज्यांना हरवले होते त्या जोडीतील एक. पलीकडे होते जेम्स ट्रेसी आणि जॉन पीअर्स, तोच पीअर्स, ज्याने एबडनबरोबर ऑलिंपिकचे सुवर्ण नेले होते. पहिला सेट बोपण्णाच्या जोडीने गमावला, दुसरा घेतला, आणि टायब्रेकर १०–८ असा गेला.